‘पास’ या शब्दाविषयी थोडेसे
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीच्या शिक्षकाने भाषण करावयाचे म्हटले की मुले मागच्या दाराकडे पाहू लागतात. आज व्याकरणाचे नियम सांगणार नाही. एकच शब्द घेणार आहे, आणि तो असा की या मांडवात तो माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. तो शब्द म्हणजे ‘पास’.

निकालाच्या दिवशी आपण विचारतो, पास झाला का? एस.टी.त कंडक्टर विचारतो, पास आहे का? मैदानावर मुले ओरडतात, पास दे, पास दे! परदेशी जावयाचे म्हणजे पासपोर्ट. कोकण रेल्वेच्या फलाटावर आपण सारे पॅसेंजर. रस्ता गावाबाहेरून गेला की तो बायपास, आणि मामूंच्या हृदयाचे ऑपरेशन झाले तेही बायपास. गाडीत शेंगदाणे विकणारा ओरडतो ‘टाइमपास’; हा शब्द तर आपणच घडवला, इंग्लंडातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागेल. आम्हां शिक्षकांचे बिल ‘पास झाले’ असे कचेरीतून कळते तेव्हा त्याचा अर्थ पैसे मिळाले असा कधीच नसतो, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. लॅटिन भाषेत ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंच भाषेत ‘पलीकडे जाणे’ या अर्थाचा शब्द झाला आणि तो इंग्रजीत आला. म्हणून डोंगरातून पलीकडे जाण्याची वाट म्हणजे पास. भूगोलात आपण खैबर खिंड शिकतो ती इंग्रजीत खैबर पास. आपण कोकणातले लोक तिला घाट म्हणू. पासपोर्ट हा शब्दही फ्रेंचमधूनच आला, आणि त्यातील ‘पोर्ट’ म्हणजे बंदर. बंदरातून पलीकडे जाण्याचा परवाना! ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जहाजावर नोकऱ्या केल्या त्यांना हा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आता गंमत पाहा. आपल्या घरांत उर्दूही कानावर पडते. तेथे ‘मेरे पास’ म्हणजे माझ्याजवळ. हा ‘पास’ इंग्रजी नव्हे. तो संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे बाजू, या शब्दापासून आला. मराठीतील ‘पाशी’ आणि ‘पासून’ त्याचेच भाऊबंद. आणि फारसीत तिसराच एक ‘पास’ आहे. त्याचा अर्थ राखण, आदर. पहारेकरी तो पासबान, आणि अदब राखणे म्हणजे पास-ए-अदब. तीन भाषांतून तीन वाटांनी आलेले हे शब्द आपल्या जिभेवर एकाच उच्चाराने नांदतात, कुणाचे कुणाशी भांडण नाही.

‘नापास’ हा शब्द तर मला फारच आवडतो. म्हणजे शब्द म्हणून आवडतो, गैरसमज नसावा. ‘ना’ हा फारसी उपसर्ग. नाराज, नालायक, नापसंत यांतला. तो आपल्या लोकांनी उचलला आणि सरळ इंग्रजी ‘पास’ला जोडून दिला. असा शब्द ना इंग्रजांच्या कोशात, ना इराणात. शुद्ध मराठीत आपण उत्तीर्ण म्हणतो. त्याचाही अर्थ पहा, उत्तीर्ण म्हणजे तरून पलीकडे गेलेला. कोणाला हरविणे, कोणाच्या वर जाणे, हा अर्थ ना ‘पास’मध्ये आहे ना ‘उत्तीर्ण’मध्ये. एक ओढा आहे, तो ओलांडला, इतकेच.

हे मी आज शांतपणे सांगतो आहे, पण 2004 साली मला हे ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मी एस.एस.सी.ला बसलो आणि इंग्रजीत मला 100 पैकी 29 गुण पडले. पास होण्यास 35 लागतात. बाकीच्या विषयांत ठीक होतो. होय, जो आज तुमच्या मुलांना इंग्रजी शिकवतो तो इंग्रजीतच नापास झाला होता. ही गोष्ट या शाळेत मी प्रथमच सांगतो आहे. वडील तेव्हा दम्मामला एका कंपनीत हेल्पर होते. निकाल सांगण्यासाठी शेजारच्या घरी त्यांचा फोन येणार होता आणि मी दुपारपासून वाडीत लपून बसलो होतो. आजीने शोधून काढले. तिचे शिक्षण मदरशातले, तिला इंग्रजी ‘पास’ ठाऊक नव्हता. मी रडत ‘नापास, नापास’ म्हणत होतो, तेव्हा तिने विचारले, “पास नाही म्हणजे किती लांब आहे रे?” मी म्हटले, सहा मार्क. ती म्हणाली, “मग उठ, जेवून घे.”

वडील फोनवर रागावले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले की, माझ्या पासपोर्टवर जो शिक्का आहे तो तुझ्या पासपोर्टवर नको. हे वाक्य मला तेव्हा कळले नाही. पालकांपैकी पुष्कळांना ते लगेच कळेल. ई.सी.आर. ही तीन अक्षरे. इतर काही सवलती सोडल्या तर, ज्याने 10वी पास केलेली नाही त्याच्या पासपोर्टवर आजही ती येतात, आणि आखाती देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची वेगळी मंजुरी काढावी लागते. ही तरतूद अडाणी कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून आहे, तेव्हा तिला वाईट म्हणण्याचे कारण नाही. पण एजंटाच्या दारात तिष्ठणारा माणूस कोण, हे त्या अक्षरांवरून ओळखू येते. पास आणि पासपोर्ट यांचे नाते शब्दकोशात आहे तसे आपल्या मोहल्ल्यातही आहे.

ऑक्टोबरच्या परीक्षेत मला 41 गुण मिळाले. पुढे बी.ए. इंग्रजी घेऊनच केले. थोडा हट्ट होता म्हणा.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे कामाचे. आपण मराठीत ‘मी पास आहे’ म्हणतो, म्हणून मुले इंग्रजीत ‘आय अ‍ॅम पास’ लिहितात. दरवर्षी निम्म्या वह्यांत हे सापडते. मराठीत ‘पास’ हे विशेषण होऊन बसले आहे, इंग्रजीत ते क्रियापद आहे. म्हणून ‘आय पास्ड’ किंवा ‘आय हॅव पास्ड’. दुसरी गोष्ट, ‘ओलांडले’ या अर्थाचा पास्ड आणि ‘साडेचार’ सांगताना येणारा ‘हाफ पास्ट फोर’मधला पास्ट, यांचा उच्चार एकच. स्पेलिंग मात्र वेगळे. पहिल्याच्या शेवटी एस, एस, ई, डी. दुसऱ्याच्या शेवटी एस, टी.

तिसरी गोष्ट नोकरीचा अर्ज करणाऱ्यांनी नीट ऐकावी. माझा एक माजी विद्यार्थी चांगला वेल्डर आहे. त्याने परदेशी कंपनीसाठी केलेला अर्ज मला दाखवला. त्यात लिहिले होते, ‘आय पास्ड आउट इन 2016’. आपल्या देशात हे सर्रास चालते आणि सर्वांना समजते. पण इंग्लंड-अमेरिकेतला साहेब वाचील की हा गृहस्थ 2016 साली चक्कर येऊन पडला! सैनिकी शिक्षण संपविताना ‘पासिंग आउट’ म्हणतात ते तिकडेही बरोबर आहे; खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तसे संचलन होते. बाकीच्यांनी अर्जात सरळ ‘कम्प्लीटेड’ लिहावे. तसेच ‘पास अवे’ म्हणजे निधन पावणे. एका मुलाने रजेच्या चिठ्ठीत ‘माय ब्रदर पास्ड अवे इन फर्स्ट क्लास’ असे लिहिले होते. मी घाबरून घरी फोन लावला, तर भाऊच फोनवर, आणि घरात पेढे वाटणे चालू.

जेवताना शेजारी कुणी ‘पास द सॉल्ट’ म्हणाले तर मीठ त्याच्याकडे सरकवावे. ‘पास क्लास’ म्हणजे पास झाला पण वर्ग मिळाला नाही. तो शब्द ऐकून पूर्वी लोक नाक मुरडत. माझ्या मते मुरडू नये.

पालकांना एक विनंती, विशेषतः मुलींच्या पालकांना. ‘शाळा लांब आहे’ म्हणून 7वीनंतर मुलगी घरी बसवली, असे अजूनही कानावर येते. गावाकडच्या मुलींना शाळेत येण्याजाण्यासाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. अर्ज शाळेतूनच भरून देतो. गेल्या वर्षी एक आई मला म्हणाली, तिला पास होऊन करायचे काय? मी काही बोललो नाही, तिच्या हातात अर्ज दिला. दोन आठवड्यांनी सही होऊन परत आला. ती मुलगी आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव सांगत नाही, नाहीतर उद्यापासून माझ्या तासाला बसणार नाही.

आणि ज्यांच्या घरी मार्चच्या परीक्षेत इंग्रजी राहिलेला मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी पुरवणी परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरावा. वर्ग रोज संध्याकाळी 5 ते 6, खोली क्रमांक 4. फी नाही. मुलाला एकटे पाठविण्यास संकोच वाटत असेल तर पहिल्या दिवशी पालकांनी बरोबर यावे, मागच्या बाकावर बसावे. येताना गुणपत्रिकेची झेरॉक्स आणावी, म्हणजे किती लांब आहे ते पाहता येईल.