रियाज फोनवर, संवाद वर्गात



 परकीय भाषांची परिषद भिलाईच्या हथखोजमध्ये, कारखान्यांच्या वसाहतीत कशाला, असे कुणाला वाटेल. पण भिलाईचा जन्मच दोन भाषांच्या गाठीभेटीतून झाला. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ मध्ये. पहिली झोतभट्टी पेटली १९५९ मध्ये. त्या काळात रशियन तंत्रज्ञ इथे आले, इथले अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले आणि मध्ये दुभाषी उभे राहिले. आज दुभाष्याचे बरेचसे काम खिशातला फोन करतो. मग भाषा शिकायचीच कशाला आणि वर्ग हवेत कशाला, हे प्रश्न ओघानेच येतात.

माझे म्हणणे एवढेच, की फोनला रियाज द्यावा आणि वर्गाला संवाद. पाठ केलेले किती झपाट्याने विसरते, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले. थोड्या थोड्या अंतराने उजळणी हाच त्यावरचा उपाय, आणि पाळी सुटल्यावर बसमध्ये ती फोनवर सहज होते. उच्चाराचे तसे नाही. जर्मन ‘त्साइट’मधला पहिला ध्वनी ‘चमचा’तल्या दंत्य ‘च’च्या अगदी जवळचा. मराठी मुलाच्या तो जिभेवरच असतो, हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याला मुद्दाम घोटवावा लागतो. हा फरक हेरून मराठी मुलाला ‘चमचा’ची आठवण करून देणारा शिक्षकच लागतो.

अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१० च्या आढाव्यात संमिश्र अध्ययन, म्हणजे वर्गाला ऑनलाइन शिक्षणाची जोड, निव्वळ वर्गापेक्षा सरासरीने सरस ठरले. यावर आक्षेप असा, की त्या विद्यार्थ्यांना वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते. आक्षेप खरा आहे; आढाव्यानेही तो नोंदवला आहे. पण इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना रशियन शिकवायला अमेरिकी परराष्ट्र सेवा संस्था सुमारे ११०० तासिका धरते. जिथे वेळ हेच भांडवल, तिथे वेळ वाढवणारे साधन कमअस्सल कसे? फोन लक्ष विचलित करतो, हा दुसरा आक्षेप. म्हणून घरचा पाठ दहा मिनिटांचा असावा, आधीच उतरवून घेतलेला असावा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावरच बोलायला लावावे. वर्गात विचारणा होणार नसेल, तर तो पाठ फोनमध्येच पडून राहील.

या मांडणीतल्या उणिवा आपण चर्चेत दाखवाव्यात. स्वागत समितीच्या व्यवस्थेतल्या उणिवा मात्र पोटात घालाव्यात.