रात्रपाळीला कोण आहे?

(‘डिमेन्शियाग्रस्त आप्तासाठी निवासी केंद्र निवडताना’ या विषयावर व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय लांबलचक छापला आहे. मी तो एका प्रश्नावर आणून ठेवणार आहे. आपल्या माणसासाठी केंद्र बघायला जाल तेव्हा विचारा, रात्रपाळीला कोण असतं? याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर पुढचं काही बघत बसू नका. माझी नोकरी परिचारिकेची. तिच्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. निवृत्तीनंतर ओळखीतल्या कुटुंबांबरोबर अशी केंद्रं बघायला जाते, म्हणून हे ठामपणे सांगते.

डिमेन्शिया म्हणजे काय, त्यातला अल्झायमर कोणता आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारा कोणता, हे काल डॉक्टरांनी सांगितलंच आहे. ‘अस्तु’ हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलाय, डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले ते संस्कृतचे पंडित अजून डोळ्यांसमोर असतील. तेव्हा त्यात मी जात नाही. एकच आकडा देते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. या पटांगणात कुणाच्याच घरात तो नाही, असं होणं नाही.

आणि हा आजार घर मोडतो तो रात्री. डॉ. अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईची हकिकत जगापुढे मांडली, ती ऑगस्टे डेटर. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. झोप उडालेली, मध्यरात्री तासन्‌तास ओरडायची. नवरा रेल्वेत कारकून. दिवसा कचेरी आणि रात्री हे. तो किती दिवस टिकणार होता? सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो संसार आणि आज आपल्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा संसार, दोन्हींची कहाणी एकच.

आता आपण केंद्र बघायला जातो केव्हा? रविवारी सकाळी अकरा वाजता. फोन करून जातो. आंघोळी झालेल्या असतात, केस विंचरलेले असतात, हॉलमध्ये भजन चाललेलं असतं. व्यवस्थापक बाग दाखवतात, फिजिओथेरपीची खोली दाखवतात, आणि मग हमखास कॅमेरे दाखवतात. मोबाइलवर केव्हाही बघा म्हणतात. अमेरिकेतल्या मुलाला हे फार सोयीचं वाटतं, कारण इथे मध्यरात्र असते तेव्हा तिथे दुपारची जेवणाची सुट्टी असते. (हशा) हसू नका, तो बिचारा खरंच बघतो. आई शांत झोपलेली दिसते, त्याला बरं वाटतं. पण ती झोपलीय की गोळीनं पडलीय, ओली आहे की कोरडी, हे कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यासाठी अंथरुणाखाली हात घालणारं माणूस लागतं.

या आजारात मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळच बिघडतं. दुपारी चार-पाचनंतर चलबिचल सुरू होते, ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. दुपारभर डुलक्या झालेल्या, मग रात्री दोनला टक्क जाग. त्यात बऱ्याच ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसहाला उरकतात, कारण स्वयंपाकिणीला घरी जायचं असतं, आणि नाश्ता मिळतो साडेआठला. चौदा तास! तीन वाजता आजोबा दार वाजवतात ते भुकेनंही असू शकतं. ‘भूक लागली’ हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते दार वाजवतात. तेव्हा विचारा, रात्री खायला काय असतं, आणि फडताळाची किल्ली कुणाकडे असते.

इथे मला मास्तरांबद्दल सांगायचंय. पाच मिनिटांत सांगते.

मास्तर म्हणजे एसटीतले कंडक्टर. अर्धी नोकरी मुक्कामी गाडीवर झालेली. तरुण मंडळींना मुक्कामी गाडी कदाचित ठाऊक नसेल. संध्याकाळी डेपोतून शेवटची गाडी सुटते, आडगावात जाते, रात्री तिथेच देवळापुढे उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे पहिल्या फेरीला तालुक्याकडे निघतात. दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी, सगळे त्या एका गाडीवर.

तर मास्तर. पत्नी थकल्या, मुलानं एक चांगलं म्हणून गाजलेलं केंद्र बघितलं. नाव सांगणार नाही. लिफ्ट, कॅमेरे, बाग, सगळं होतं. मास्तर रोज पहाटे साडेतीनला उठायचे, शर्ट शोधायचे, दाराला धक्के मारायचे. मजल्यावर एकच अटेंडंट, तोही दिवसाची ड्युटी करून रात्रीला थांबलेला. फायलीत शब्द पडला, ‘आक्रमक’. गोळी सुरू झाली. पंधरवड्यात माणूस दिवसाही मान टाकून बसायला लागला, घास तोंडातच राहायला लागला. मुलानं मला नेलं. मी पांघरूण वर केलं आणि आधी टाचा बघितल्या. दोन्ही टाचा लाल, दाबल्या तरी रंग हटेना. म्हणजे रात्रभर कूस बदललेली नाही. मनगटावर ओढणीचा वळ. मी विचारलं तर म्हणाले, सलाइन लावलं होतं. सलाइनचा वळ असा गोल येत नाही.

दुसरं केंद्र एका जुन्या बंगल्यात. लिफ्ट नाही, ओसरीच्या भिंतीचे पोपडे निघालेले. सूनबाईंनी तिथे नाक मुरडलं, मला दिसलं ते. पण रात्री दोघी जणी जाग्या. त्यातल्या मोठ्या मावशींनी पहिल्याच दिवशी घरच्यांना विचारलं, बाबा साडेतीनला कशाला उठतात? मुलाला सांगता येईना. मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, अहो, त्यांची गाडी साडेचारला सुटायची. झालं! दुसऱ्या रात्रीपासून मावशी सव्वातीनला दिवा लावायच्या, आधी संडासला न्यायच्या, मग चहा आणि दोन बटर. खांद्याला एक जुनी चामडी बॅग. मास्तर विचारायचे, गाडी लागली का? मावशी म्हणायच्या, लागतेय मास्तर, पॅसेंजर यायचेत अजून. ते ओसरीतल्या बाकावर बसून सुट्टे मोजायचे. पाचच्या सुमाराला डोळे जड व्हायचे आणि मावशी त्यांना पलंगावर नेऊन निजवायच्या. दोन महिन्यांत डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. टाचा भरून आल्या.

ती मावशी सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिच्याकडे एक गोष्ट होती: ती त्या वेळी जागी होती, कारण दिवसा तिला झोपायला मिळत होतं. हे फुकट होत नाही.

(श्रोत्यांतून: मॅडम, परवडत नाही!)

हो, केंद्र चालवणारी दोघंतिघं इथे बसली आहेत, मला ठाऊक आहे. रागावू नका. तुमचं कामही सोपं नाही, तुम्ही नसता तर या घरांनी कुठे जायचं? पण ‘परवडत नाही’ हे उत्तर मी रुग्णाच्या टाचेला देऊ शकत नाही. दर्शनी भागातल्या ग्रॅनाइटला पैसे परवडले ना? फी वाढवायची तर वाढवा, पण मुलांना सांगा, ही वाढ रात्रीच्या दुसऱ्या माणसासाठी आहे. देतील. नर्सिंग ब्युरोकडून आलेली मुलगी दिवसभर एका घरी काम करून रात्री तुमच्याकडे येते, दोन ड्युट्या केल्याशिवाय तिची चूल पेटत नाही. पहाटे तिचा डोळा लागला, तर त्याचा जाब तिला विचारायचा नाही, तिला लावणाऱ्याला विचारायचा. आणि हे माझं मत झालं, पण कायदाही काही म्हणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ९७ वं कलम वाचा. रुग्णाला बांधायचं ते तातडीचा धोका टाळायला दुसरा इलाजच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, आणि गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय, कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरून तर नाहीच. कायदा करणाऱ्यांना रात्रपाळी ठाऊक होती.

गोळ्यांचंही तसंच. वेडाच्या झटक्यांवर देतात ती औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांना दिली की मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये प्रा. सुबे बॅनर्जी यांनी सरकारला अहवाल दिला: वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार डिमेन्शियाग्रस्तांना ही औषधं दिली जातात आणि त्यापायी सुमारे १,८०० जादा मृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज होता. कधीकधी गोळी लागते, भास फार छळत असतील तर लागते, मी डॉक्टरांच्या विरोधात बोलत नाहीये. पण औषधांचा तक्ता मागा. कोणती गोळी, कुणी लिहिली, कशासाठी, आणि कमी केव्हा करणार? माणूस एकाएकी बिथरला तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग बघा, पोट साफ आहे का बघा, कुठे दुखतंय का बघा. संध्याकाळनंतर पाणी तोडलंय का, हेही बघा. डायपर वाचावा म्हणून पाणी तोडतात, त्यातून संसर्ग होतो, संसर्गानं माणूस बडबडतो, आणि बडबडीवर गोळी.

(श्रोत्यांतून: यापेक्षा घरीच सांभाळावं, पूर्वी सुना करतच होत्या.)

काका, पूर्वी सुना करत होत्या, बरोबर. त्यांच्या रात्री कुणी मोजल्या? मी अशा बायका पाहिल्यात, सासूबाई गेल्यावर महिनाभरात त्यांनाच दवाखान्यात दाखल करावं लागलं. केंद्रात ठेवणं म्हणजे टाकून देणं, हे वाक्य मी या व्यासपीठावरून चालू देणार नाही. (टाळ्या) ठेवून महिना महिना न जाणं हे टाकणं आहे. आणि ज्यांना घरीच ठेवायचंय त्यांनाही माझा प्रश्न तोच. घरात रात्रपाळीला कोण आहे? सत्तरीची बायको एकटीच असेल, तर तुमच्या घराचा हिशेबही त्या पहिल्या केंद्रासारखाच आहे.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिली. मला करारावर बरंच बोलायचं होतं. पटकन सांगते. ‘रुग्ण आक्रमक झाल्यास आठ दिवसांत परत न्यावे’ अशा अर्थाचं कलम आहे का बघा. हा आजार पुढे जाणारच, मग माणूस बदलला की बाहेर काढणार असाल तर घेता कशाला? इस्पितळात न्यायची वेळ रात्री आली तर बरोबर कोण जाणार, गाडी कुठली, हे लिहून घ्या. अनामत केव्हा परत मिळणार, तेही लिहून घ्या. भाषेचं बघा. डिमेन्शियात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. हिंदीत आयुष्यभर कचेरी केलेल्या आजी शेवटी मालवणीतच पाणी मागतात. रात्री जागा असणाऱ्यांपैकी निदान एकाला ती कळली पाहिजे. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी हवं. खोल्यांचे आकार आणि फर्निचर यावर मी बोलत नाही, ते तुम्हाला कळतं.

शेवटची एक चिठ्ठी घेते. ‘रात्री केंद्रात येऊ देत नाहीत, मग कळणार कसं?’

इतरांच्या झोपेसाठी रात्री मनाई करतात, ते समजण्यासारखं आहे. पण दोन गोष्टींना कुणी नाही म्हणू शकत नाही. एक, ड्युटीचं रजिस्टर दाखवा म्हणा. काल रात्रीचं आणि परवा रात्रीचं. दिवसाच्या सहीखाली रात्रीचीही तीच सही असेल, तर समजून घ्या. एका रात्री किती जणांमागे किती माणसं, हे तोंडी ऐकू नका, सह्या मोजा. दुसरं, सकाळी पाळी बदलते तेव्हा जा, बहुतेक ठिकाणी आठला बदलते. तुम्ही पावणेआठला फाटकाशी उभे राहा. रात्रपाळीच्या मावशी घरी निघालेल्या असतात. त्यांच्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत चाला आणि विचारा, काल रात्री कोण कोण उठलं होतं, आणि त्याचं तुम्ही काय केलंत? जिनं काम केलंय ती नावानिशी सांगते. पाटीलकाका दीडला उठले, त्यांना दूध दिलं. कुलकर्णी आजी रडत होत्या, त्यांच्यापाशी बसले. आणि ‘काही नाही, सगळे शांत झोपले होते’ एवढंच उत्तर आलं, तर परत आत जा आणि औषधांचा तक्ता मागा.