पाठीवरचे बिऱ्हाड



मंडळातील काही तरुण वाटाड्या व हमाल न घेता प्रथमच कुमारपर्वतावर निघाले आहेत. त्यांच्या सामानाविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकाऱ्यांचे दिवस सरले; बंदूक गेली, पाठपिशवी राहिली.

कळसूबाई १६४६ मीटर, कुमारपर्वत १७१२. फरक अवघा ६६ मीटरांचा, असा हिशेब राजाजीनगरात बसून करणे सोपे आहे. परंतु कळसूबाईचा पायथाच मुळी उंचावर; कुक्के सुब्रह्मण्य मात्र सखल भागात. तेथून चढ दीड हजार मीटरांहून अधिक पडतो. प्रत्येक छटाक तेथे खांद्याशी बोलू लागतो.

म्हणून प्रथम पाणी भरावे. माणशी तीन लिटर म्हणजे तीन किलो झालेच. उरलेल्या जागेत बाकीचा संसार. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात. घामाने भिजलेला सुती सदरा लवकर वाळत नाही आणि शिखरावरील वाऱ्यात हुडहुडी भरवितो. यास्तव एक लोकरी कपडा प्लास्टिकमध्ये बांधून कोरडा राखावा. विजेरी, जादा सेल, शिट्टी, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, दशम्या, गूळ-शेंगदाणे. (श्रीखंडाचा डबा घरीच शोभतो.) वनखात्याचा परवाना खिशात असावा.

नवे बूट आधी पंधरा दिवस भाष्यम सर्कलपर्यंत हिंडवून आणावेत. भरलेली पिशवी घेऊन घराचा जिना दहा वेळा चढावा आणि नकोसे वाटेल ते तेथेच उतरवावे, पाणी सोडून.