टॉवरमधलं घर आणि आपलं नाव



आजचा विषय रोजच्या जगण्यातला आहे: मुंबईत एखाद्या टॉवरमध्ये वन बीएचके भाड्याने घेणं. लोअर परळ, भायखळ्यात गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथे स्विमिंग पूल आहे, जिम आहे, गेटवर अ‍ॅपने नोंद होते. रत्नागिरी, मिरज, सोलापूरहून आलेली आपली मुलंमुली आसपासच्या ऑफिसांत चांगल्या पगारावर काम करतात. कामाजवळ घर हवं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

ब्रोकरशी फोनवर छान मराठीत बोलणं होतं. भाडं जमतं, डिपॉझिट जमतं. मग तो विचारतो, "नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की तेच घर 'कालच गेलेलं' असतं.

शिकलो, कमावलं की हे थांबेल, असं आपल्याला वाटतं. पण २००८ मध्ये शबाना आझमींनी जाहीरपणे सांगितलं होतं, की मुस्लिम असल्यामुळे त्यांना मुंबईत फ्लॅट मिळाला नाही. मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर मिळणं अवघड जातं, याची नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. फोनवर उच्चजातीय नाव सांगणाऱ्या कुणालाही नकार मिळाला नाही. दलितांपैकी सुमारे १८ टक्के आणि मुस्लिमांपैकी सुमारे ३१ टक्के जणांना थेट 'नाही' ऐकावं लागलं. म्हणजे ही फक्त आपली तक्रार नाही. दलितांची आणि आपली अडचण एकाच मुळाची आहे.

कायदा इथे तोकडा पडतो. संविधानाचं कलम १५ भेदभाव करू नका असं बजावतं, पण मुख्यतः सरकारला. खासगी घरमालकाला ते थेट अडवत नाही. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा 'सभासद फक्त पारशी' हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. भेदभावविरोधी कायद्यासाठी शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयक कायदा होऊ शकलं नाही. अशा कायद्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर काय करायचं?

पहिलं, फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगा. वेळ वाचतो, मानही राहतो. मित्राच्या नावावर करार करून राहू नका. वाद झाला तर त्या घरात तुम्ही कागदावर कुणीच नसता.

दुसरं, "मालक तयार आहेत, पण सोसायटी परवानगी देत नाही" हे उत्तर मुकाट्याने ऐकू नका. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना संस्थेला आधी कळवायचं असतं. परवानगी मागायची नसते. नकार लेखी मागा. तोंडी बोलणारे बरेच जण कागदावर लिहायला कचरतात.

तिसरं, लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे समोरच्याला सिद्ध करावं लागतं.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. आपल्या मोहल्ल्यात एकट्या मुलीला खोली सहज मिळते का? तलाक झालेल्या बाईला? दुसऱ्या जमातीच्या कुटुंबाला? दलित जोडप्याला? "लोक काय म्हणतील" असं म्हणून आपणही दार लावतो. टॉवरमधला सेक्रेटरी तेच वाक्य म्हणतो. त्याच्याकडे आपण नागरिक म्हणून हक्क मागतो, मग आपल्या दारात उभ्या असलेल्यालाही नागरिक म्हणूनच पाहायला हवं.

तुमच्यापैकी काही जण उद्या स्वतः फ्लॅट घेतील, तो भाड्याने देतील. त्या दिवशी भाडेकरूला एवढंच विचारा: भाडं वेळेवर द्याल ना? घर नीट ठेवाल ना? बाकीचे प्रश्न आपल्यापुरते तरी बंद करूया.