मसूर स्टेशनवरील एक धडा

शाळेची सहल म्हटली की किल्ला, देवालय वा धरण डोळ्यांपुढे उभे राहते. कऱ्हाडनजीकच्या मलकापुरातील पालकांना व शिक्षकांना आज मी निराळेच स्थळ सुचविणार आहे. ते म्हणजे जवळचे मसूर रेल्वे स्टेशन.

सन १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून निघालेली काही मुले येथे उतरली. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यावयास कोणीच आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आस्थेने विचारपूस केली. परंतु जात कळताच त्यांची मुद्रा पालटली. बैलगाडीवाले विटाळाच्या भयाने तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी व गाडीवानाने पायी चालावे असे ठरले. जवळ शिदोरी होती. पण रात्री पिण्यास पाणी मिळाले नाही. त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवली.

अमेरिकेत वॉशिंग्टन येथे २०१६ साली आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या इतिहासाचे व संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. शाळांचे वर्गच्या वर्ग तेथे जातात. गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगळे भाग पाडलेला आगगाडीचा एक जुना डबा तेथे ठेवलेला आहे. तो पाहिला की मुलांना निराळे सांगावे लागत नाही. आपली अडचण अशी की, न मिळालेले पाणी कोणत्या कपाटात मांडावे? म्हणून मसूरला शिक्षकाची वाणी हेच संग्रहालय होय.

कोणी म्हणेल, अशा कथांनी कोवळी मने दुखावतील. ती थोडी दुखावली पाहिजेत. मात्र एक पथ्य पाळावे: वर्गात कोण कोणत्या जातीचा हे विचारू नये, सुचवूही नये. त्या गाडीवानाचा पणतू व त्या तहानलेल्या मुलांच्या नात्यातला विद्यार्थी आज एकाच बाकावर असू शकतील. एकाची मान शरमेने व दुसऱ्याची अपमानाने खाली गेली, तर सहल फसली. ‘त्या जागी तू असतास तर काय केले असतेस?’ हा प्रश्न मात्र दोघांनाही विचारावा.

तेथून साताऱ्यास जावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव जिच्या पटावर चढले, ती शाळा दाखवावी. वर्गात त्यांना निराळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट रोज घरून आणावे लागे, हेही सांगावे. मग परतताना मुलांना बोलू द्यावे आणि आपण ऐकावे.