पांगुळगाड्याचा नंदी

(गांधीबाग, नागपूर. श्रावण अमावास्या, पोळ्याची रात्र. ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला उत्तररंगाचा भाग.)

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!

बसा माय, बसा. मागच्या मंडळींनी थोडं पुढं सरकावं, दाराशी लोक उभे आहेत. पोळ्याचं जेवण झालेलं आहे, पुरणपोळी पोटात आहे, तेव्हा डुलक्या येतील. आल्या तर येऊ द्या, फक्त शेजाऱ्याच्या खांद्यावर नको.

पूर्वरंगात आपण पाहिलं, की हातून जे कर्म घडेल ते देवाला अर्पण करावं. मध्यंतरात बुक्का लावून घ्यायला एक माउली आली आणि मला म्हणाली, "महाराज, अर्पण करायचं म्हणजे आपण त्यातून बाहेर व्हायचं का? मंग माझ्या हातची भाजी अन् शेजारणीच्या हातची भाजी एकसारखीच लागाले पाहिजे नं!" श्रोतेहो, प्रश्न साधा नाही. 'मी केलं' हा अहंकार जायला पाहिजे, हे खरं. मग माझा हात, माझी लकब, माझी आठवण हेसुद्धा कामातून पुसून टाकायचं का?

त्या माउलीचं उत्तर मी शास्त्रातून देणार नाही. लाकडातून देणार आहे.

उद्या तान्हा पोळा. सकाळी काळी आणि पिवळी मारबत निघेल, "घेऊन जा गे मारबत" होईल, आणि संध्याकाळी लेकरं लाकडी नंदी घेऊन निघतील. बाहेरगावच्या मंडळींना हे नवल वाटतं. त्यांच्याकडे पोळा एक दिवसाचा, आपल्याकडे दोन. मोठ्यांचा खऱ्या बैलांचा, लहानांचा लाकडाच्या बैलांचा. दुसरे रघुजीराजे भोसले १७८८ ते १८१६ नागपूरच्या गादीवर होते. त्यांनी हा लेकरांचा पोळा सुरू केला, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. महालातल्या वाड्याचा मोठा लाकडी नंदी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो राजाचा. आपण तुमच्या-आमच्या घरातल्या वीतभर नंदीचं बोलू.

हा नंदी होतो कसा? सुतार आधी ठोकळा हातात फिरवून पाहतो. लाकडाला रेघा असतात. पायाच्या उंचीला रेघ उभी आली पाहिजे. आडवी आली की पोट्ट्यानं पहिल्या पायरीवरून नंदी उतरवला की पाय मोडलाच. मग वाकसानं तासायचं, पटाशीनं मान आणि पोट सोडवायचं, कानशीनं गोल करायचं. वशिंड शेवटी. वशिंडावरून सुतार ओळखू येतो बरं का! कोणाचं उभट, कोणाचं मागं कललेलं. खाली नाव नसतं, तरी गल्लीतला म्हातारा माणूस लांबून सांगतो, हा अमक्याच्या हातचा.

इथंच पहिली गंमत पाहा. आमच्या संतांनी अहंकार टाकला ना? टाकला. पण अभंगाच्या शेवटी काय येतं? तुकोबांचं नाव येतं, नामदेवरायांचं नाव येतं. जनाबाई स्वतःला नामयाची जनी म्हणवते. नाथ महाराज आपल्या नावाला गुरूचं नाव जोडल्याशिवाय सहीच करत नाहीत. नाव पुसलं नाही, ते कोणाचं आहे ते सांगितलं. (गजर)

आता नरहरी सोनारांची कथा तुम्हाला पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. पंढरपुरात राहून विठ्ठलाच्या देवळात न जाणारा शिवभक्त. सावकाराला मुलगा झाला, देवाला सोन्याचा करगोटा करायचा. नरहरी म्हणाले, मी देवळात येत नाही, तुम्ही माप आणा. माप आणलं, करगोटा केला, जास्त झाला. कमी केला, तर अपुरा पडला. कारागीर काही साधा नव्हता! पंचक्रोशीत तसा हात नाही. शेवटी डोळे बांधून गेले, कमरेला हात लावला, आणि पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळे कीर्तनकार इथं हरि-हर ऐक्य सांगतात. मीही सांगतो. पण आज मला त्यातलं माप पाहायचं आहे. दुसऱ्याच्या हातानं आणलेलं माप दोनदा चुकलं. ज्याच्यासाठी करायचं, त्याच्या अंगाला हात लागला, तेव्हा काम पुरं झालं.

आता माझी गोष्ट. तुम्ही पाहता, मी उभं राहून कीर्तन करतो पण नाचत नाही. हा डावा पाय पोलिओचा. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, चांगलं झालं. पण आमच्या लहानपणी गल्लीत असे दोन-तीन पाय असायचेच. वडील इथंच, गांधीबागेच्या ठोक कापडबाजारात एका पेढीवर दिवाणजी होते. तान्ह्या पोळ्याला त्यांनी मला बाजारातून नंदी आणला. रंगीत, सुंदर. पण मी चाललो की माझं अंग हेलकावा घेई, दोरीला झटका बसे, आणि नंदी उताणा. पाच घरं झाली नाहीत तोवर एक शिंग गेलं. पोट्टे हसले. मी घरी आलो आणि दुसऱ्या वर्षी जायचंच नाही, असं ठरवून बसलो.

आमच्या गल्लीत एक सुतारकाका होते. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या पंधरा दिवस आधी त्यांनी मला हाक मारली. "ये रे बावा इकडं. त्या खांबापासून ह्या खांबापर्यंत चालून दाखव." मला राग आला. मला चालायला सांगणारे डॉक्टरच असत. मी चाललो. "अजून एकदा." चाललो. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या मागं मागं येऊन माझा उजवा हात कुठं जातो ते पाहिलं, आणि सुतळी घेऊन जमिनीपासून तळव्यापर्यंत माप घेतलं. बोलले काहीच नाही.

त्यांनी काय केलं असेल? पांगुळगाडा केला! रांगणारं पोर उभं राहायला लागलं की त्याला देतात ना, तीन चाकांचा, तो. पण त्याच्यावर नंदी बसवला. रुंद पाट, मागची चाकं मोठी, पुढचं लहान, आणि मागून वर आलेली मूठ. दोरीनं ओढायचा नंदी त्यांनी ढकलायचा केला. मी अंगाचा भार मुठीवर टाकला, की नंदी पुढं जाई आणि माझा पाय मागून येई. मूठ डावीकडं जरा झुकलेली होती. वाकडी बसली म्हणून मी तक्रार केली, तर म्हणाले, "मूठ वाकडी नाही, तू वाकडा चालतो. तिला तुह्यासारखी बसवली." (हशा)

आईनं पेढीवरच्या कापडाच्या चिंध्यांची झूल शिवली. लाल, हिरवी, मधे जरीचा काठ. कवड्या मामानं दिल्या. असा तो नंदी, एकाच्या हातचा नव्हताच. त्या वर्षी मी किती घरं फिरलो असेन? मोजली नाहीत. बोजाऱ्याची पिशवी भरली एवढं आठवतं.

एका मंडळाची सजावट स्पर्धा होती. तिथं मला बाजूला काढलं. "हा नंदी नाही, हा गाडा आहे" म्हणाले. त्यांचंही बरोबर असेल, नियम असतात. मी रडत सुतारकाकांकडं गेलो. ते हसले, खिशातून रुपया काढला, नंदीच्या पाटावर ठेवला आणि वाकून नंदीच्या पाया पडले. माझ्या नाही, नंदीच्या! मी विचारलं, "काका, खाली तुमचं नाव काहून नाही कोरलं?" ते म्हणाले, "चालते नं तो? मंग झालं."

जगन्नाथपुरीचा देव लाकडाचा आहे, कडुनिंबाचा. कथा सांगतात, की देवाच्या मूर्ती घडवायला एक म्हातारा सुतार आला आणि म्हणाला, दार उघडू नका. आतला आवाज थांबला, राजाला राहवलं नाही, मुदतीआधी दार उघडलं. सुतार नाहीसा, मूर्तींचे हात अपुरे. त्या अपुऱ्या हातांचीच पूजा आजपर्यंत चालू आहे. नवकलेवर होतो, लाकूड बदलतं, १९९६ साली बदललं, २०१५ साली बदललं, पण नव्या लाकडाला हात पुरे करत नाहीत. तसेच ठेवतात. ह्याच्यावर आणखी बोललो असतो, पण घड्याळ पाहता पुढं जातो.

आता आईबापांसाठी दोन शब्द, कारण उद्याचीच गोष्ट आहे. बाजारात हजारोंचे नंदी मिळतात. ज्याला परवडतं त्यानं घ्यावा, सुताराचं घर त्यावर चालतं. पण कोरा मिळाला तर कोरा घ्या, आणि झूल, गोंडे, गळ्यातली माळ लेकराच्या हातानं होऊ द्या. डोळे तिरपे रंगवले तर रंगवू द्या. तुम्ही रात्री उठून सरळ करू नका! मी पाहिलं आहे, बाप दुरुस्त करतो आणि सकाळी पोरगं ओळखत नाही स्वतःच्या नंदीला. जुना नंदी असेल तर धूळ पुसून जवसाच्या तेलाचा हात द्या, पातळ, जास्त नको. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून मोकळ्या हवेत वाळवा. कापडबाजारात बसून सांगतो आहे, तेव्हा हे वाक्य देवाच्या वाक्यासारखं ऐका.

त्या माउलीला मी उत्तर देत होतो. माय, तुझ्या हातची भाजी तुझ्याच हातची लागू दे. ज्याला वाढते त्याला मिठाचं किती चालतं, हे तुझ्या हाताला ठाऊक आहे, शेजारणीच्या नाही.

माझा नंदी कुठं आहे, असं लेकरं नेहमी विचारतात. मी पाय लांब झाल्यावर तो माळ्यावर ठेवला होता. चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका घरात मुलगी जन्मतःच पायानं अधू आहे असं कळलं, तिला दिला. महिन्याभरानं तिचा बाप आला, संकोचलेला. म्हणाला, "महाराज, रागावू नका. मूठ काढून टाकली. ती डावीकडं झुकलेली, आमची पोरगी उजवीकडं झुकते. मी काही सुतार नाही, पण तिला चालवून चालवून नवी बसवली." त्यानं सोबत एक कागदाची पुडी आणली होती.

ही पाहा ती मूठ. मागच्यांना दिसत नसेल, नंतर हातात घेऊन पाहा. इथं अंगठ्याचा खळगा पडला आहे, तो माझा. त्याच्या खालचा हा उतार पटाशीचा, तो काकांचा.

उद्या सायंकाळी पाच वाजता लेकरं इथंच, देवळासमोर जमणार आहेत. ती मुलगीही येणार आहे. बोजाऱ्याला सुट्टे पैसे आणा. म्हणा, विठ्ठल विठ्ठल! (गजर)