मतदारयादीतील नाव



राज्यकारभाराचा विचार निघाला की संसद, मंत्रिमंडळ आणि न्यायालये यांच्याकडे लक्ष जाते. नागरिकाच्या दाराशी मात्र येतो तो वही घेतलेला एखादा कनिष्ठ कर्मचारी. घटनेने दिलेला हक्क प्रत्यक्षात पदरी पडतो की नाही, हे पुष्कळदा त्या वहीतील एका ओळीवर अवलंबून असते. भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदारयादी हे याचे ठळक उदाहरण होय.

१९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतांत जो मताधिकार होता तो मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. मतदार सुमारे तीन कोटी. २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णपणे अमलात आलेल्या घटनेने एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला, काही मोजके अपवाद वगळता, मत दिले. यादीचे काम त्यापूर्वीच, १९४८ मध्ये, संविधान सभेच्या सचिवालयाच्या सूचनांवरून सुरू झाले होते. फाळणीने विस्थापित झालेली लक्षावधी माणसे तेव्हा छावण्यांतून राहत होती. त्यांना वास्तव्याची ठरावीक मुदत लावली असती, तर ती यादीबाहेरच राहिली असती. म्हणून कायम वास्तव्याच्या उद्देशाचे साधे निवेदन पुरेसे मानण्यात आले. येथे नियम माणसासाठी वाकला.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र तो वाकला नाही. उत्तर भारतातील अनेक भागांत स्त्रिया परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगत नसत. दारावर आलेल्या कर्मचाऱ्यानेही फारसा आग्रह न धरता ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद करून पुढचे घर गाठले. त्याला दोष देताना एक गोष्ट विसरता कामा नये. १९३५ च्या कायद्यानेही पुष्कळ स्त्रियांना मत दिले होते ते पात्र पुरुषांच्या पत्नी म्हणूनच. जी सवय कायद्याने जोपासली, ती वहीत उतरली, एवढेच.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. मतदाराची ओळख त्याच्या स्वतःच्या नावाने पटली पाहिजे. केवळ नात्याने नोंदलेल्या व्यक्तीच्या नावावर दुसरीच कोणी मत देऊन गेली, तर मतदानकेंद्रावरील अधिकाऱ्याने ते ओळखावे कसे? नावे मिळवून नोंदी दुरुस्त कराव्यात, न मिळाल्यास त्या वगळाव्यात, असा आदेश निघाला. बिहारमध्ये त्यासाठी एक महिन्याची खास मुदतवाढ देण्यात आली आणि तिचा चांगला उपयोगही झाला. तरीसुद्धा देशातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख स्त्रियांच्या नोंदी अखेर वगळाव्या लागल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश येथील होत्या.

हा निर्णय तत्त्वतः योग्यच होता. पत्नी म्हणून मिळालेले मत पतीच्या मताचे शेपूट ठरण्याची भीती असते. तथापि त्याची किंमत मोजली ती ज्यांचा अपराध सर्वांत कमी, त्यांनी. १९५१ च्या जनगणनेनुसार दर शंभर स्त्रियांत नऊही साक्षर नव्हत्या. वर्तमानपत्रातील सूचना त्यांच्यापर्यंत पोचणार कशी? आदेश दिल्लीत निघाला, मुदत राजधान्यांत ठरली. पण त्याच दारावर पुन्हा जाऊन, शक्य तर एखाद्या स्त्रीला बरोबर नेऊन, नाव विचारण्याचे काम जेथे नेटाने झाले नाही, तेथे हक्क बुडाला.

याच यंत्रणेने इतर बाबतींत निरक्षर मतदाराची केवढी काळजी घेतली होती! प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने कागद आत टाकला की झाले, खूण करण्याचीही गरज नाही. त्यासाठी वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार करण्यात आल्या. बोटाला लावण्यासाठी सहजासहजी न पुसणारी शाई होती. हिमाचल प्रदेशातील चिनी येथे हिमवर्षावापूर्वी मतदान उरकावे म्हणून २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच आरंभ करण्यात आला, आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत ते देशभर चालले. यादीत सतरा कोटींहून अधिक नावे होती.

त्या अठ्ठावीस लाख स्त्रियांसाठीही चिन्हांच्या पेट्या मांडलेल्याच होत्या. ज्या पुरुषांच्या नावाने त्यांची नोंद झाली होती, त्यांची स्वतःची नावे मात्र यादीत शाबूत राहिली. त्यांना कोणी ‘अमकीचा पती’ म्हणून लिहून घेतले नव्हते.